गाडी उंचावली, डिफरन्शियल तिथेच

नवी थार किंवा जिमनी दारात उभी राहिली की मालकाला तिच्यावर काहीतरी चढवायची घाई होते. आधी लिफ्ट किट (गाडी उंचावणाऱ्या स्प्रिंगा), मग मोठे टायर, मग स्नॉर्केल (इंजिनाला वरून हवा देणारा उभा पाईप). टायरमधली हवा मोजणारं चांगलं गेज आणि बॅटरीवर चालणारा पंप मात्र या यादीत सहसा नसतोच. माझ्या मते पहिले पैसे तिथेच घालावेत.

तीन दारांच्या थारचं वजन सुमारे १७५० किलो धरू. म्हणजे एका चाकावर ढोबळमानाने ४४० किलो. टायरमध्ये ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.१ किलोचा दाब झाला. तेवढ्या दाबाने ४४० किलो पेलायला टायरचा २१० चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकावा लागतो. हवा १८ पीएसआयवर आणली की हाच भाग ३५० च्या घरात जातो. टायरच्या भिंतीही थोडा भार उचलतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे जरा इकडेतिकडे होतील. टेकलेला भाग रुंदीपेक्षा लांबीत जास्त वाढतो. म्हणूनच वाळूत चाक कमी रुततं आणि खडकावर रबर दगडाच्या आकाराप्रमाणे दबून पकड घेतं. चिखलाचं गणित वेगळं. वर चार बोटं राड आणि खाली घट्ट मुरूम असेल, तर राड कापत खाली पोचणारा अरुंद टायरच बरा. कमी हवेवर वेग ३०-४० च्या आत ठेवावा आणि डांबरी रस्ता लागला की आधी हवा भरावी. नाहीतर सतत वाकणाऱ्या भिंती तापतात आणि टायर आतून खराब होतो.

आता लिफ्ट किट. थारचा मागचा अॅक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा आस, अखंड आहे आणि त्याच्या मध्यावर डिफरन्शियलचा, म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही चाकांत वाटणाऱ्या गिअरांचा, फुगीर डबा लटकतो. स्प्रिंग बसते ती अॅक्सल आणि चासीच्या मध्ये. त्यामुळे दोन इंचांच्या किटने चासी, बंपर, पोट सगळं वर जातं, तो डबा मात्र होता तिथेच राहतो. वाटेतला धोंडा त्यालाच लागणार. अॅक्सल उचलायचा तर टायरचा व्यास वाढवणं हाच मार्ग, आणि त्यातली निम्मीच वाढ उंचीत मिळते. २४५/७५ आर १६ टायरचा व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर, २६५/७५ आर १६ चा सुमारे ८०४. फरक ३० मिलिमीटरचा, मिळाले १५!

त्या १५ मिलिमीटरची किंमत इतर भाग मोजतात. प्रत्येक गिअर जवळजवळ चार टक्क्यांनी 'लांब' होतो, म्हणजे इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त अंतर जाते, त्यामुळे चढावर गाडी दमते. स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा खरा वेग १०४ च्या आसपास असतो. जड, मोठं चाक त्याच जुन्या ब्रेकला थांबवावं लागतं. थारच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तिथे लिफ्टमुळे चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो आणि सांध्यावरची रबरी बुटं, म्हणजे आवरणं, लवकर फाटतात. एकदा बूट फाटलं की ग्रीस बाहेर, माती आत. शिवाय गुरुत्वमध्य वर सरकतो, म्हणजे आडव्या उतारावर गाडी आधी कलंडते. कायद्याचीही बाजू आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा स्पष्ट केलं.

त्यापेक्षा पावसाळ्यात उपयोगी पडणारा बदल म्हणजे ब्रीदरची, म्हणजे डिफरन्शियलच्या डब्यातली हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या तोंडाची, नळी. घाट चढून तापलेला डिफरन्शियल ओढ्यात शिरला की आतली हवा झटकन थंड होते. बंद डब्यात तापमान ८० अंशांवरून २५ वर आलं, तर दाब साधारण १५ टक्क्यांनी घसरतो. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर ऑइल सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं, आणि ब्रीदरच पाण्याखाली असेल तर थेट त्यातूनच. उपाय म्हणजे साधी रबरी नळी लावून ब्रीदरचं तोंड बॉनेटपर्यंत वर न्यायचं. पाण्यातून आल्यावर गाडी रात्रभर उभी ठेवावी आणि सकाळी ड्रेन बोल्ट किंचित सैल करून पाहावं. पाणी जड, ते तळाशी बसतं आणि आधी बाहेर येतं. गाडी तशीच चालवली असेल तर ऑइल दुधाळ दिसतं. दोन्ही वेळा ऑइल बदलणं आलं.

स्नॉर्केल इंजिनाच्या हवेचं तोंड फक्त उंचावर नेतो. पाईपचे सांधे हवाबंद नसतील तर तो शोभेचाच. अल्टरनेटर आणि वायरिंग बुडायचं ते बुडतंच. सिलिंडरमध्ये पाणी गेलं तर ते हवेसारखं दबत नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा सेल्फ मारू नये. गाडी ओढून बाहेर काढावी आणि मेकॅनिकला बोलवावं. त्याने डिझेल इंजिनाचे इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून आतलं पाणी बाहेर घालवल्यावरच पुढचं. वेगळं इंजिन संरक्षण घेतलेलं नसेल, तर पाण्यात सेल्फ मारून झालेल्या नुकसानीचा दावा विमा कंपनी बहुधा नाकारते.