ऑस्ट्रेलियन आदिवासींचे पारंपरिक भूसंगोपन

ऑस्ट्रेलियातील आदिवासी समाजांनी आपल्या प्रदेशातील जमीन, पाणवठे, वनस्पती व प्राणी यांची राखण करण्यासाठी जोपासलेली ज्ञानपरंपरा आणि तिच्याशी निगडित कर्तव्ये. १७८८ मध्ये ब्रिटिश वसाहत स्थापन झाली, तेव्हा या खंडात अडीचशेच्या आसपास भाषा बोलल्या जात होत्या. त्यामुळे एकच ‘आदिवासी पद्धत’ मानणे चुकीचे ठरते. एक धागा मात्र बहुतेक ठिकाणी समान आढळतो : पूर्वजांची भूमी ही मालमत्ता नसून नातलग मानली जाते आणि तिच्या कोणत्या भागाची जबाबदारी कोणाकडे, हे जन्माने व नात्याने ठरते.

या परंपरेचे सर्वांत अभ्यासले गेलेले अंग म्हणजे अग्नीचा नियोजित वापर. पुरातत्त्वज्ञ रिस जोन्स यांनी १९६९ मध्ये त्याला ‘फायर-स्टिक फार्मिंग’ (जळत्या काठीने केलेली शेती) हे नाव दिले. उत्तरेकडील काकाडू प्रदेशातील बिनिंज लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात. भारतीय ऋतूही सहाच. परंतु बिनिंजांचे ऋतू समान लांबीचे नसतात, कारण ते तारखांवर नव्हे, तर वारा, फुलोरा व प्राण्यांच्या हालचाली यांवर ओळखले जातात. पावसाळा सरता सरता येणारी वादळे उंच भालागवत आडवे करतात. त्यानंतरच्या ‘येग्गे’ ऋतूत कोरडे वारे सुटले आणि वुलीबट या युकॅलिप्टस वृक्षाला बहर आला, की रान तुकड्यातुकड्यांनी जाळण्यास प्रारंभ होतो. या काळात गवतात ओल शिल्लक असते व रात्रीचे दव आग विझवते. त्यामुळे ज्वाला बुटक्या राहतात, झाडांचे शेंडे वाचतात आणि जळालेल्या जागी फुटणाऱ्या कोवळ्या गवतावर कांगारू चरायला येतात. जळालेले व न जळालेले पट्टे एकमेकांशेजारी राहिल्याने पुढे कोरड्या ऋतूच्या अखेरीस लागलेला वणवा फार दूर पसरू शकत नाही.

पश्चिम वाळवंटातील मार्टू स्त्रिया स्पिनिफेक्स गवताचे छोटे पट्टे जाळून घोरपडीच्या जातीच्या सरड्यांची बिळे शोधतात. जेथे अशी शिकार नियमित होते, तेथे हे सरडे कमी न होता अधिक आढळतात, असे संशोधनात दिसून आले आहे. भूसंगोपन केवळ आगीपुरते मर्यादित नाही, याची साक्ष आग्नेयेकडील बुज बिम येथे मिळते. तेथे गुंडिच्मारा लोकांनी लाव्हाच्या दगडांत चर व बांध रचून ईल माशांचे पालन केले; या स्थळाला २०१९ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

वसाहतकाळात लोकांना ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या वसाहतींत व गुरांच्या कुरणक्षेत्रांत नेण्यात आले आणि हजारो मुले कुटुंबांपासून तोडली गेली. मुले तुटली, की ज्ञानही तुटते. कारण ते चालता-बोलता, गाण्यांतून व प्रत्यक्ष कामातून दिले जाते. माणसे निघून गेलेल्या, उत्तर ऑस्ट्रेलियातील पश्चिम आर्नहेम लँडच्या पठारावर कोरड्या ऋतूच्या अखेरीस प्रचंड वणवे पेटू लागले. २००६ पासून तेथे सुमारे २८,००० चौ. किमी. क्षेत्रात आदिवासी रेंजर आणि शास्त्रज्ञ मिळून ऋतूच्या आरंभीच जाळपट्टे काढतात. हेलिकॉप्टर व उपग्रह-नकाशे यांची जोड मिळालेल्या या कामामुळे मिथेन व नायट्रस ऑक्साइड यांचे उत्सर्जन घटते आणि या घटीचे पैसे स्थानिक समुदायांना मिळतात.

त्याच पठारावरील काबुलवार्नाम्यो येथे २०१५ मध्ये नावार्डेकेन अकादमी ही शाळा सुरू झाली. तेथे मुले शालेय विषयांबरोबरच मातृभाषा, वनस्पती, माग काढणे व अग्नी यांविषयी वडीलधाऱ्यांकडून शिकतात. मार्टू मुले तर मोठ्यांवाचूनही खडकाळ टेकाडांवर लहान सरड्यांची शिकार करतात आणि ठसे वाचण्यात तरबेज होतात. राष्ट्रीय अभ्यासक्रमातही आदिवासी इतिहास व संस्कृती यांचा समावेश आहे. परंतु शालेय पुस्तकांत या परंपरेचा सारांश अनेकदा ‘निसर्गावर प्रेम करा’ एवढाच उरतो, आणि तो अपुरा आहे. कोणता पट्टा केव्हा जाळायचा याइतकाच तो जाळण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न येथे महत्त्वाचा असतो. दुसऱ्याच्या भूमीवर परवानगीविना आग लावणे हा गंभीर अपराध समजला जातो. काही स्थळांविषयीचे ज्ञान वय, लिंग किंवा दीक्षा यांनुसार राखून ठेवलेले असते. त्यामुळे मुलांसाठी पाठ तयार करताना काय सांगायचे व काय वगळायचे, याचा निर्णय त्या भूमीच्या पारंपरिक राखणदारांकडे असणे आवश्यक मानले जाते.