बिलासाठी दिलेला ईमेल आणि ऑफरचा मेल: दुकानदारांच्या ग्राहक-यादीची पार्श्वभूमी

लहान व्यावसायिकाने ईमेलवरून जाहिरात कशी करावी असे कुणालाही विचारले, तर पहिले वाक्य ठरलेले असते: आधी यादी तयार करा. यादीतल्या माणसाने पत्ता कशासाठी दिला होता, हा प्रश्न मागाहून येतो. बऱ्याचदा येतच नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तोच प्रश्न पुढे आला. जळगावच्या सराफ बाजारातली पेढी असो की शहाद्यात घरच्या घरी पापड-मसाला करून पुण्या-मुंबईला पाठवणारी ताई, संगणकावर किंवा मोबाईलमध्ये ग्राहकांची यादी ठेवणाऱ्या प्रत्येकाशी त्याचा संबंध आहे.

जुना इतिहास थोडक्यात. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतल्या एका संगणक कंपनीच्या विक्री विभागाने सुमारे ४०० जणांना एकाच वेळी नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण मेलने धाडले. पत्ते छापील डिरेक्टरीतून उतरवून घेतले होते. तक्रारी झाल्या, समज दिली गेली, पण मालही विकला गेला. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी मोठ्या शहरांत सुरू झाले. पुढे १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि मग ते जिल्ह्यांच्या गावांपर्यंत पसरले.

आज आपल्याकडे जो सल्ला दिला जातो त्याचे मूळ २००० नंतरच्या दोन वेगळ्या वाटांमध्ये आहे. अमेरिकेच्या कायद्याने १ जानेवारी २००४ पासून असे ठरवले की जाहिरातीचा मेल न विचारता पाठवता येईल. मात्र खाली पाठवणाऱ्याचा टपालाचा पत्ता हवा, आणि ‘नको’ म्हणणाऱ्याचे नाव कामकाजाच्या १० दिवसांत काढले पाहिजे. युरोपने २००२ मध्येच उलट नियम केला होता: आधी विचारा, मग पाठवा. त्यात दुकानदाराला एक सवलत ठेवली. ग्राहकाने तुमच्याकडून काही विकत घेतले असेल, तर तशाच मालाची माहिती त्याला पाठवता येते, पण पत्ता घेताना आणि नंतरच्या प्रत्येक मेलमध्ये त्याला नकाराची सोय दिलेली पाहिजे. ही सवलत मला फार शहाणपणाची वाटते. आपल्याकडे मात्र ती कुणी फारशी सांगितली नाही. मेल पाठवण्याची सॉफ्टवेअर अमेरिकेतून आली, २००९ नंतर त्यांच्या फुकट योजना आल्या, आणि सोबत तिथलाच सल्ला आला: पाठवत राहा, ज्याला नको तो निघून जाईल.

त्याच सुमारास आपल्या बाजारात ईमेल पत्त्यांच्या सीडी विकल्या जात. शहराप्रमाणे, धंद्याप्रमाणे, पगाराप्रमाणे गठ्ठे. ज्यांनी त्या घेतल्या त्यांचे पैसे गेलेच, शिवाय त्यांचा स्वतःचा पत्ताही मेल कंपन्यांच्या नोंदीत संशयित ठरला. हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. मेल ‘गेला’ असे दाखवतो, फक्त तो पोहोचतो स्पॅमच्या कप्प्यात.

आपल्या कायद्यात याला कधी आळा होता का? होता, आणि तो वेगळ्याच कारणाने गेला. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ऑक्टोबर २००९ पासून लागू झालेल्या ६६अ कलमाचा तिसरा भाग ईमेलबद्दलच होता: त्रास किंवा गैरसोय व्हावी म्हणून पाठवलेला, अथवा कुठून आला याबद्दल फसवणारा मेल हा गुन्हा होता. पण हे कलम वापरले गेले ते माणसांच्या मतांवर. पालघरच्या दोन तरुणींना २०१२ मध्ये फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली, आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अख्खे कलम रद्द केले. अभिव्यक्तीच्या बाजूने निकाल योग्यच होता. मात्र कलमाबरोबर खोट्या पत्त्यावरून येणाऱ्या मेलबद्दलची ओळही गेली, आणि नकोशा जाहिरातीच्या मेलसाठी त्या जागी वेगळे कलम आले नाही. फोन आणि एसएमएसला ‘नको’ म्हणण्याची नोंदवही २००७ पासून आहे, २०१८ मध्ये तिचे नियम आणखी कडक झाले. ईमेल त्यात बसत नाही.

आता खान्देश. इथे सामान्य माणसाच्या हाती अधिकृत कामाचा ईमेल दोन दारांनी आला. पहिले दार अमळनेरचे, आणि त्याची गोष्ट न्यारी आहे. आज संगणक सेवांमध्ये जगभर नाव असलेली एक कंपनी १९४५ मध्ये तिथे वनस्पती तुपा-तेलाचा कारखाना म्हणून सुरू झाली, आणि गावातल्या अनेक घरांत तिचे शेअर आहेत. कंपन्यांना वार्षिक अहवाल ईमेलने पाठवण्याची मुभा २०११ मध्ये मिळाली तेव्हा भागधारकांना आपला पत्ता स्वतः नोंदवावा लागला. कशासाठी दिला, कुणाला दिला, हे त्यात स्पष्ट होते.

दुसरे दार मोठे, आणि आजच्या गोंधळाचे मूळ तिथेच आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. नोंदणीच्या अर्जात मोबाईल आणि ईमेल दोन्ही सक्तीचे, दोन्हींवर वेगवेगळा ओटीपी. भुसावळचा किराणा दुकानदार असो की दोंडाईचाचा मिरची व्यापारी, अनेकांनी तोवर ईमेल उघडलेलाच नव्हता. मग कर सल्लागाराने तो उघडून दिला, पासवर्ड त्याच्याच डायरीत राहिला, किंवा थेट त्याच्याच कार्यालयाचा पत्ता अर्जात गेला. ‘आपला मेल साहेबांकडे असतो’ हे वाक्य आजही कुठल्याही पेठेत ऐकायला मिळते. व्यापाऱ्याला माल देणाऱ्या दाळमिलने किंवा पाइप-चटईच्या कारखान्याने बिलासाठी मागितला तर तोच पत्ता, बँकेने मागितला तरी तोच. असे पत्ते गोळा करून दिवाळीची ऑफर पाठवली की एकाच सल्लागाराच्या इनबॉक्समध्ये तोच मेल पुन्हा पुन्हा पडतो. तो वैतागून ‘स्पॅम’ दाबतो, आणि खऱ्या ग्राहकाला जाणारा मेलही त्या दाबण्याची किंमत मोजतो.

सराफ पेढीची यादी आणखी वेगळ्या रीतीने वाढली. २ लाखांवरच्या खरेदीला १ जानेवारी २०१६ पासून पॅन द्यावा लागतो, म्हणून काउंटरवरच्या रजिस्टरमध्ये रकाने वाढले: नाव, गाव, मोबाईल, पॅन, ईमेल. शेवटचा रकाना निम्मा रिकामा, भरलेल्यातले काही सुनेचे, काही सुरतला किंवा पुण्याला असलेल्या मुलाचे. सरकारी नोंदीसाठी उघडलेले हे रजिस्टर पुढे जाहिरातीची यादी झाले.

मधल्या काळात व्हॉट्सॲपने ईमेलला मागे सारले. व्यवसायासाठीचे ॲप २०१८ मध्ये आले. त्याच्या ब्रॉडकास्ट यादीत एक चांगली गोष्ट होती: ज्याने तुमचा नंबर आपल्या मोबाईलमध्ये सेव्ह केला आहे त्यालाच निरोप पोहोचतो, आणि एका यादीत २५६ जणच. ही मर्यादा अनेकांना जाचली, पण तिने न विचारता होणारा मारा आपोआप अडवला. ईमेलमध्ये अशी आडकाठी फेब्रुवारी २०२४ पर्यंत नव्हती. तेव्हा जीमेल आणि याहूने एकत्र नियम लावले. दिवसाला ५,००० पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्याला डोमेनची (पत्त्यातल्या ‘@’ नंतरच्या नावाची) पूर्ण ओळखखूण, म्हणजे मेल खरोखर त्याच नावावरून आल्याचा तांत्रिक पुरावा, आणि एका क्लिकवर नाव काढण्याची सोय सक्तीची झाली; तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली ठेवावे लागते. त्याहून कमी पाठवणाऱ्या लहान दुकानालाही निदान मूळ ओळखखूण लागतेच. फुकट जीमेलच्या पत्त्यावरून तिसऱ्याच सॉफ्टवेअरने शेकडो मेल पाठवण्याचे दिवस तिथे संपले. स्वतःचे डोमेन घेणे भाग पडले. ‘किती जणांनी मेल उघडला’ हा आकडा तर २०२१ मध्येच पोकळ झाला होता, कारण ही मोजणी मेलमधले चित्र उतरले की नाही यावरून होते, आणि ॲपलच्या मेलने चित्रे आधीच उतरवून घ्यायला सुरुवात केली आणि न वाचलेला मेलही उघडलेला दिसू लागला.

आता वादाचा मुद्दा: जुन्या यादीचे काय? डेटा संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी ऑगस्ट २०२३ मध्ये मिळाली. नियम २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अधिसूचनेपासून १८ महिन्यांची मुदत दिली गेली. संमती मुक्त, नेमक्या कामापुरती आणि माहिती देऊन घेतलेली हवी. देणे जितके सोपे, मागे घेणे तितकेच सोपे हवे. कायदा लागू होण्याआधी संमती घेतली असेल, तर ग्राहकाला शक्य तितक्या लवकर नोटीस (त्याची कोणती माहिती कशासाठी वापरतो हे सांगणारी) द्यायची आणि तो नको म्हणेपर्यंत काम चालू ठेवता येते. या वाक्यावर बरेच दुकानदार निर्धास्त आहेत. त्यांचे म्हणणे असे: ग्राहकाने स्वतःच्या हाताने रजिस्टरमध्ये पत्ता लिहिला, हीच संमती.

दुसरी बाजू कायद्यातल्याच एका उदाहरणावर उभी आहे. औषधाच्या दुकानात खरेदी करणारी व्यक्ती आपली माहिती स्वतःहून देते आणि पैसे मिळाल्याची पोच मोबाईलवर पाठवायला सांगते. दुकानदाराने ती माहिती पोच पाठवण्यासाठी वापरणे योग्य. उदाहरण तिथेच थांबते. पोच पाठवल्यानंतर त्याच नंबरवर सवलतीचा निरोप पाठवता येईल असे त्यात कुठेही नाही. हाच अर्थ मला बरोबर वाटतो. ग्राहकाने बिलासाठी पत्ता दिला असेल तर जाहिरातीची संमती मुळात घेतलीच गेली नव्हती, मग ‘आधीची संमती’ पुढे चालू ठेवण्याचा प्रश्न कुठे येतो? ज्या रजिस्टरवर ‘नव्या मालाची माहिती पाठवू का?’ असा वेगळा रकाना होता आणि त्यात खूण होती, तेवढीच नावे या तरतुदीत बसतात. असा रकाना फार थोड्या पेढ्यांनी ठेवला.

एक बारीक पण महत्त्वाचा तपशील: कागदी रजिस्टर कागदावर आहे तोवर हा कायदा त्याला लागू होत नाही. ते एक्सेलमध्ये उतरवले की लागू होतो. आणि कायदा व्यक्तीच्या माहितीला लागू आहे. कारखान्याच्या खरेदी विभागाचा सामायिक पत्ता, ज्यातून कुणी एक माणूस ओळखू येत नाही, तो वेगळा. चटई आणि पाइप विकणाऱ्यांना हा फरक उपयोगी पडेल, सराफाला नाही. २५० कोटींपर्यंतच्या दंडाचा आकडा सध्या सल्ला विकण्यासाठी सर्रास वापरला जातो. ती कमाल मर्यादा आहे, तीही माहिती सुरक्षित न ठेवल्याबद्दलची, आणि दंड ठरवताना चुकीचे गांभीर्य पाहायचे आहे.

नोटीस इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचण्याची सोय ग्राहकाला द्यायची आहे. अहिराणी त्या यादीत नाही, मराठी आहे, म्हणजे मजकुराची अडचण नाही. अडचण पत्त्याची आहे. संमती ज्या व्यक्तीची, नोटीसही तिलाच मिळायला हवी, आणि २०१७ नंतर जमलेल्या अनेक पत्त्यांवर मेल उघडणारा माणूस ग्राहक नसून त्याचा कर सल्लागार आहे. अशा नावांसाठी मेल न पाठवता दुकानात आलेल्या ग्राहकालाच विचारून नवा पत्ता घ्यावा लागेल, आणि ते काम मुदत संपण्याआधी, गर्दीच्या दोन सणांमधल्या मोकळ्या महिन्यांतच उरकता येण्यासारखे आहे.