टाकीतलं पाणी चांगलं, मग शेवटच्या नळाचं का बिघडतं?

लॅबचा रिपोर्ट ओके आहे तरी त्याच एका गल्लीत जुलाब-उलट्या का, हे पावसाळा लागला की नगरपालिकेचे पाणीपुरवठावाले आम्हाला, म्हणजे पाइपलाइनचं कॉम्प्युटर मॉडेल करणाऱ्यांना, विचारतात. सॅम्पल बहुतेक वेळा टाकीखालचं नाहीतर मेन रोडवरच्या नळाचं असतं, बिघाड मात्र पुढं पाइपात होतो.

आपल्याकडं पाणी पाळीनं, तास-दोन तास. व्हॉल्व्ह बंद केला की प्रेशर जातं, पाइप रिकामा होत जातो, आणि जिथं नळाची लाइन गटारातून नेलीय किंवा जॉइंट ढिला झालाय तिथून बाहेरची घाण आत येते, त्यात पाणी कमी येतं म्हणून कुणी डायरेक्ट लाइनला मोटर लावली की ओढ अजून वाढते. पाणी सुटल्यावरची पहिली काही मिनिटं म्हणूनच सगळ्यात धोक्याची.

दुसरी गोष्ट क्लोरीन. शेवटच्या नळाला तो निदान 0.2 मिलीग्रॅम प्रति लिटर उरायला हवा. समजा टाकीतून निघताना 0.8 होता आणि दर 4 तासांनी निम्मा होतोय, तर 8 तासांत 0.2 वर आला, डेड एंडला, म्हणजे लाइन जिथं संपते तिथं, रात्रभर पडून राहिलेल्या पाण्यात काय उरणार? उन्हाळ्यात अजून लवकर संपतो, जुन्या गंजक्या लोखंडी पाइपात तर विचारूच नका. नुसती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वाढवली तर टाकीजवळचे लोक वासानं ओरडतात आणि टोकाला फरक फारसा पडत नाही.

आम्ही हे सगळं ईपॅनेटवर बसवतो, म्हणजे पाइपातलं पाणी आणि क्लोरीन कसं जातं ते कॉम्प्युटरवर काढतो. सॉफ्टवेअर अमेरिकेच्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेचं, फुकट मिळतं, त्याचे पैसे कुणी लावत असेल तर देऊ नका. पण ते पाइप कायम भरलेला आहे असं धरून चालतं, आपल्या गावाला ते जसंच्या तसं लावलं तर नकाशा रंगीत दिसतो आणि उत्तर चुकतं. म्हणून पाळीच्या वेळा, गटार ओलांडणाऱ्या लाइनी, लिकेजच्या तक्रारी आम्ही वेगळ्या धरतो आणि कुठली लाइन आधी बदलायची, सॅम्पल कुठून आणि कधी घ्यायचं ते सांगतो. मॉडेलला जंतू दिसत नाहीत, त्यामुळं टेस्टिंग बंद करायचं नाही.

तुमच्याकडून पाइपलाइनचा नकाशा लागेल, नसला तरी चालेल, तो व्हॉल्व्हमनच्या डोक्यात असतोच, आम्ही त्याच्यासोबत फिरू. शिवाय पाळीचं वेळापत्रक आणि ओटी टेस्टचं (नळाच्या पाण्यात क्लोरीन किती उरला ते बघायच्या टेस्टचं) रजिस्टर द्या. रजिस्टरात वर्षभर एकच रीडिंग लिहिलेलं असेल तरी द्या, फक्त ते आम्ही मॉडेलमध्ये घालणार नाही.