'खरे' कोणत्या भाषेत खरे?

फोंड्याजवळच्या एका वाचनालयाचे जुने संकेतस्थळ मी अधूनमधून सांभाळतो. गेल्या पावसाळ्यात तिथला संगणक बंद पडला. एका सभासदाचा मुलगा लिस्बनहून परतला होता, त्याने आपला संगणक देऊन टाकला. सगळे त्यावर हलवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू झाले. वर्गणी भरलेल्या प्रत्येकाच्या नावापुढे 'थकबाकी' दिसत होती.

संगणक हलवला त्या दिवशी अमावास्या होती, असे कुणीतरी पंचांग बघून सांगितले आणि नारळ फोडायची तयारी झाली. नारळाला माझी हरकत नाही. पण अमावास्या म्हणजे चंद्र आणि सूर्य पृथ्वीवरून एकाच बाजूला दिसणे, त्याचा वर्गणीच्या रकान्याशी काय संबंध? तिथीवर बोट ठेवले की कारण शोधायचे राहून जाते, मला राग येतो तो याचा.

कारण सापडायला दुपार झाली. हे संकेतस्थळ एएसपीत, म्हणजे संकेतस्थळाची पाने तयार करण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या पद्धतीत, व्हीबीस्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेले आहे. 'वर्गणी भरली का?' याचे उत्तर त्यात 'खरे' किंवा 'खोटे' या दोनच रूपांत साठते. जॉर्ज बूल या गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात तर्काचे बीजगणित मांडले, म्हणून अशा मूल्याला बूलियन म्हणतात.

आता हे 'खरे' आत कसे दिसते ते बघा, मला तर यातच खरी मजा वाटते. व्हीबीस्क्रिप्ट त्यासाठी १६ बिट वापरते. म्हणजे ओळीने लावलेल्या १६ पणत्या समजा. सगळ्या विझलेल्या तर खोटे, सगळ्या पेटलेल्या तर खरे. सोळाही पेटलेल्या असतील तर ती संख्या किती? उत्तर आहे उणे एक! जुन्या मोटारसायकलचा मीटर आठवा. ९९९९९ वर असताना आणखी एक किलोमीटर गेलात की सगळी शून्ये. ज्यात एक मिळवले की शून्य होते ती संख्या उणे एक, म्हणून त्या मीटरवर ९९९९९ हेच उणे एकचे काम करते. सोळा पेटलेल्या पणत्यांचेही तसेच आहे: एक मिळवा, हातचा पुढे पुढे सरकत बाहेर पडतो आणि सगळ्या विझतात.

पण मग साधा १ का नाही घेतला? कारण या भाषेत 'नाही' म्हणजे प्रत्येक पणती उलटी करणे. 'खरे' जर १ असते, म्हणजे शेवटची एकच पणती पेटलेली, तर उलटे केल्यावर ती विझून बाकीच्या पंधरा पेटल्या असत्या. ती संख्या उणे दोन. शून्य नसलेली कोणतीही संख्या 'खरे' धरली जाते, त्यामुळे 'खरे नाही' हेही खरेच ठरले असते! उणे एक उलटे केले की मात्र नेमके शून्य मिळते.

थोडक्यात, आत शब्दच नाही. शब्द लागतो तो मूल्य अक्षरांत बदलताना, आणि तो कोणत्या भाषेतला घ्यायचा हे व्हीबीस्क्रिप्ट संगणकाच्या लोकेलवरून, म्हणजे प्रदेश-भाषेच्या सेटिंगवरून ठरवते. अमेरिकन इंग्रजीचा लोकेल क्रमांक १०३३, तिथे 'ट्रू' मिळते. जर्मनचा १०३१, तिथे 'वार'. पोर्तुगालच्या पोर्तुगीजचा २०७०, तिथे 'व्हेर्दादेइरो'. आमच्या पानावर कुणीतरी फार पूर्वी मूल्य अक्षरांत बदलून ते 'ट्रू'शी जुळवले होते. लिस्बनच्या संगणकावर ते कधीच जुळले नाही.

प्रोग्रामिंगच्या सगळ्या भाषा अशा वागत नाहीत. पायथन कुठेही 'ट्रू'च लिहिते, पहिले अक्षर मोठे. जावास्क्रिप्टमध्ये तोच शब्द सगळा लहान अक्षरांत. पीएचपी खऱ्याचा '१' करते आणि खोट्यासाठी एकही अक्षर लिहीत नाही. पण त्याच पीएचपीत अपूर्णांक अक्षरांत बदलताना लोकेल आडवा यायचा, साडेबारातला दशांश बिंदू जाऊन स्वल्पविराम यायचा. २०२० च्या आठव्या आवृत्तीत ते थांबवले.

मराठी लोकेलचा क्रमांक ११०२ आणि कोंकणीचा ११११. समजा आपणच 'खरे' असा शब्द ठेवून जुळवणी केली, तरी गोव्यात अडचण सुटत नाही. मराठी लेखात 'खरे', बोलीत 'खरं', कोंकणीत 'खरें'. तिन्ही देवनागरीत, अर्थ तोच, पण संगणकाला ती तीन वेगळी अक्षरमालिका वाटते. एका अनुस्वाराने जुळवणी फसते.

म्हणून मी जुळवणीच काढून टाकली. पान आता मूल्य थेट तपासते, आणि फाइलमध्ये लिहायचे असेल तिथे आम्ही स्वतः १ किंवा ० लिहितो. संगणकाचे सेटिंग पोर्तुगीजच ठेवले आहे. संध्याकाळी नारळ फोडलाच, आणि त्याची सोलकढी झाली.