लांबचं घर स्वस्तच पडतं?

‘शहराबाहेर फ्लॅट घ्या, दहा लाख वाचतात’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. किंमत कमी असते, हे खरंच. पण रोजचा प्रवास त्यात धरलेला नसतो.

पुण्याचंच उदाहरण घ्या: घर वाघोलीत, नोकरी हिंजवडीत. जाऊन-येऊन किमान 50 किलोमीटर. महिन्याचे 25 दिवस, लिटरला 15 किलोमीटर, पेट्रोल 100 रुपये धरलं तरी सुमारे 8,300 रुपये. 9 टक्के व्याजाने 20 वर्षांच्या कर्जाचा हप्ता लाखाला साधारण 900. म्हणजे पेट्रोलच 9 लाखांच्या कर्जाएवढं! सर्व्हिसिंग, विमा वेगळा. घरात दुसरी गाडी लागली, तर बचत उरतच नाही.

बुकिंगआधी सोमवारी सकाळी साडेआठला तिथून ऑफिसला जाऊन बघा. दूध, औषधं आणायला पायी निघा. फुटपाथ आहे का, शेवटची बस कितीची, तेही विचारा. घरूनच काम असेल, तर मात्र हा हिशोब बदलतो.