गाठ काढली, मग हाडात कुठून आला?

नौपाड्यातल्या माझ्या मावशीची स्तनातली गाठ काढून आठ वर्षं झाली होती. केमो झाली, रेडिएशनचा शेक झाला, गोळ्याही चुकवल्या नाहीत. मग कंबर दुखायला लागली. खारघरला टाटाच्या अॅक्ट्रेक या कर्करोग केंद्रात बाकावर बसून ती बोन स्कॅनचा कागद उजेडाकडे धरून बघत होती. पाठीच्या कण्यावर दोन काळे डाग. "गाठ काढली होती ना रे? मग हा हाडात कुठून आला?"

हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे.

1889 मध्ये लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या 735 स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. रक्त प्लीहेलाही भरपूर मिळतं, पण तिथे रोग क्वचित. यकृतात मात्र पुष्कळ, आणि काही ठरावीक हाडांत. त्यांनी शेतातली उपमा दिली: बी चहूकडे उडतं, पण रुजतं ते मानवणाऱ्या मातीतच. पुढे 1940 मध्ये बॅट्सन यांनी मणक्याभोवतीच्या झडपा नसलेल्या शिरांचं जाळं दाखवलं, तेव्हा कण्यापर्यंतची एक वाटही कळली.

पण गाठीतून पेशी रक्तात शिरते कशी? इथे बॉस्टनच्या ज्युडा फोकमन यांचं नाव घ्यावंच लागतं. मुलांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या या माणसाने 1971 मध्ये मांडलं की एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायचं तर गाठीला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात, आणि त्या ती आजूबाजूच्या वाहिन्यांना साद घालून उगवून घेते. कित्येक वर्षं त्यांचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. 1989 मध्ये ती साद घालणारं एक प्रमुख प्रथिन, व्हीईजीएफ, नेमकं ओळखलं गेलं. अशा घाईत उगवलेल्या वाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. ज्या वाटेने गाठीला अन्न येतं, त्याच वाटेने पेशी बाहेर पडते.

1991 चं काम मला सगळ्यात जवळचं वाटतं, कारण त्यात नुसतं मोजणं आहे. वाइडनर, फोकमन आणि सहकाऱ्यांनी 49 स्त्रियांच्या गाठींचे पातळ काप घेतले, वाहिन्यांचं अस्तर तपकिरी रंगवलं, सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्यात दाट जागा शोधली आणि एकेक तपकिरी ठिपका मोजला. जिथे ठिपके जास्त, तिथे रोग पसरलेला असण्याची शक्यता जास्त. 1997 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी याला अस्थिमज्जा, म्हणजे हाडाच्या आतला मगज, जोडली: ज्यांच्या गाठीत वाहिन्या दाट, त्यांच्या मज्जेत कर्करोगाच्या सुट्या पेशी अधिक वेळा सापडल्या.

म्हणजे मावशीच्या हाडातली पेशी बहुधा ऑपरेशनच्या आधीच तिथे पोचलेली असणार. 2005 मध्ये 4,703 रुग्णांची माहिती एकत्र केली, तर निदानाच्या वेळीच 30.6 टक्के जणींच्या मज्जेत अशा पेशी होत्या. त्यांच्यात रोग उलटण्याचं प्रमाण जास्त होतं, पण सगळ्यांचा उलटला नाही. म्हणजे पेशी मज्जेत निजूनही राहते.

ती कशाशेजारी निजते, हे 2013 मध्ये सायरस घजर आणि मिना बिसेल यांच्या गटाने उंदरांत आणि प्रयोगशाळेतल्या ऊतींत पाहिलं: पुन्हा रक्तवाहिनीच! स्थिरावलेली वाहिनी थ्रॉम्बोस्पॉन्डिन नावाचं प्रथिन सोडून पेशीला शांत ठेवते. त्याच वाहिनीला नवा कोंब फुटला की कोंबाच्या टोकापाशी पेशी जागी होते.

वाहिन्याच तोडायच्या, हा उपाय स्तनाच्या कर्करोगात अपुरा पडला, आणि हे लिहिताना वाईट वाटतं. फोकमन जानेवारी 2008 मध्ये गेले. पुढच्याच महिन्यात अमेरिकेत व्हीईजीएफला रोखणाऱ्या बेव्हासिझुमॅब या औषधाला या रोगासाठी मंजुरी मिळाली, आणि आयुष्य वाढत नाही हे दिसल्यावर 2011 मध्ये ती काढूनही घेतली.

पॅजेट यांच्या मातीकडून, म्हणजे हाडाच्या बाजूने गेलेल्यांना थोडं यश आलं. हाडाची झीज रोखणाऱ्या बिस्फॉस्फोनेट औषधांचा 18,766 स्त्रियांवरचा एकत्रित अभ्यास 2015 मध्ये आला. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये हाडात रोग उलटण्याचं प्रमाण त्यांनी कमी झालेलं दिसलं. मावशीच्या मजल्यावरच्या काकूंची गाठ गेल्या वर्षी काढली. त्यांना आता दर सहा महिन्यांनी याच गटातल्या झोलेड्रॉनिक अॅसिडचं सलाईन लागतं, आणि त्या दिवशी मावशी पट्टा बांधून त्यांच्या सोबतीला जाते.