जोड थोडा सैल हवा

दोन वस्तू जितक्या घट्ट चिकटतील तितका माल मजबूत, हा समज इतका रुजलेला आहे की अभियांत्रिकीचे विद्यार्थीही त्यावर शंका घेत नाहीत. फायबर ग्लास, प्लायवूड, काँक्रीटमधली सळई यांच्या बाबतीत तो बऱ्यापैकी खराही आहे. पण सिलिकॉन कार्बाइड या सिलिकॉन आणि कार्बनच्या कठीण सिरॅमिकच्या तंतूंभोवती सिलिकॉन कार्बाइडच भरून इंजिनाचा भाग बनवायचा असेल, तर तो साफ उलटा पडतो. तंतू आणि भोवतालचं सिरॅमिक एकजीव झालं की तो भाग चहाच्या कपासारखा फुटतो. म्हणून दोघांच्या मध्ये मुद्दाम एक कच्चा थर घालतात. तो थर बहुधा कार्बनचा असतो आणि त्याची जाडी ०.१ ते ०.५ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही कमी.

हे तंतू १९७५ साली जपानमधल्या तोहोकू विद्यापीठात सेइशी याजिमा यांनी घडवले. पॉलिकार्बोसिलेन नावाच्या पॉलिमरचा धागा ओढायचा आणि भाजून त्याचं सिरॅमिक करायचं. पुढे ‘निकॅलॉन’ नावाने ते बाजारात आले. एका लडीत ५०० तंतू, प्रत्येक सुमारे १५ मायक्रॉन जाड. १९८०च्या दशकात हे तंतू काच-सिरॅमिकमध्ये बसवले गेले, तेव्हा काही नमुने अनपेक्षितपणे चिवट निघाले. सूक्ष्मदर्शकाखाली कारण दिसलं: काच-सिरॅमिकसह भाजताना तंतूच्या पृष्ठभागावर कार्बनचा पातळ थर आपोआप तयार झाला होता. जे अपघाताने घडलं ते हुकमी घडवणं, हे पुढचं काम होतं.

आता या थराची खरी करामत. सिरॅमिकमध्ये तडा सुरू झाला की तो थांबत नाही, कारण धातूसारखं वाकून ऊर्जा जिरवणं त्याला जमत नाही. तडा तंतूच्या दिशेने येतो. त्याच्या टोकापुढे दोन ताण असतात: एक तडा पुढे फाडणारा, दुसरा त्याला काटकोनात, तंतूला भोवतालच्या सिरॅमिकपासून सोडवू पाहणारा. कुक आणि गॉर्डन या संशोधकांनी १९६४ साली गणिताने दाखवलं की हा दुसरा ताण पहिल्याच्या साधारण एक पंचमांश असतो. म्हणजे मधला जोड तंतूच्या पाचव्या हिश्शाहून कमकुवत असेल, तर तडा पोहोचण्याआधीच तो जोड उघडतो. तडा तिथे येतो, काटकोनात वळतो आणि तंतूच्या कडेने धावतो. तंतू शाबूत राहतो. ओल्या बांबूवर आडवा घाव घातला की चीर जशी लांबीच्या दिशेने पळते, तसंच हे. पुढे तंतू तुटलाच, तरी तो आपल्या खोबणीतून घासत बाहेर येतो आणि त्या घर्षणात ऊर्जा खर्च होते. चांगल्या नमुन्याचा तुटलेला भाग भिंगाखाली धरला तर ब्रशच्या केसांसारखी तंतूंची टोकं बाहेर आलेली दिसतात. वाईट नमुन्याची कड कापल्यासारखी सपाट असते.

कार्बनच का? कारण ग्राफाइटसारखे त्याचे पापुद्रे एकमेकांवरून सहज सुटतात. पण ते पापुद्रे तंतूच्या पृष्ठभागाला समांतर बसले पाहिजेत. अस्ताव्यस्त बसले तर त्याच जाडीचा थर तडा वळवत नाही. हल्ली कशावरही ‘नॅनो कोटिंग’ लिहून दुप्पट पैसे घेतले जातात. थर नॅनोमीटरमध्ये मोजता येतो एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. त्यातली रचना कशी आहे, हे विचारायला हवं.

थर चढवण्याची कृती सांगायला सोपी आहे. इचलकरंजीत सुताला खळ लावतात तशीच या तंतूंनाही पॉलिमरची खळ असते. ती आधी पूर्ण जाळून काढायची. राहिली तर तिचा कोळसा होऊन डाग पडतात आणि तिथे थर धरत नाही. मग भट्टीत सुमारे १००० ते ११०० अंश सेल्सिअसला, वातावरणाच्या काही शतांश दाबाला मिथेन सोडायचा. मिथेनचे तुकडे होतात आणि कार्बन तंतूंवर बसतो. तापमान १२०० अंशांपुढे गेलं तर साध्या निकॅलॉनमधला ऑक्सिजन वायुरूपाने निघू लागतो आणि तंतूच कमजोर होतो.

घाई केली की बिघडतं. दाब आणि तापमान वाढवलं तर वायू लडीच्या आत शिरण्याआधीच बाहेरच्या तंतूंवर संपतो, आतले कोरे राहतात. आणखी वाढवलं तर कार्बन भट्टीतल्या वायूतच जमून काजळी होते. थर जाड झाला की शेजारचे तंतू एकमेकांना चिकटतात. बरोबर जमलेली लड बोटावर सैल लोंबते, चिकटलेली काडीसारखी ताठ उभी राहते. जाडी तपासायला तराजू पुरतो. १ मीटर लडीचं वजन सुमारे ०.२ ग्रॅम आणि तिच्या तंतूंचं एकूण क्षेत्रफळ सुमारे २३५ चौरस सेंटिमीटर. त्यावर ०.२ मायक्रॉन कार्बन म्हणजे सुमारे ९ मिलिग्रॅम, वजनात ४ टक्के वाढ. अर्थात ही सरासरी झाली. आतले तंतू कोरे आहेत का, हे लड कापून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं.

कार्बनचा मोठा दोष असा की तो जळतो. ५०० अंशांच्या आसपास, तड्यातून शिरलेला ऑक्सिजन तो थर खात जातो आणि तंतूभोवती पोकळ नळी उरते. मग दोन्ही भिंतींच्या सिलिकॉन कार्बाइडवर ऑक्सिजनमुळे सिलिका (वाळूतला मुख्य पदार्थ) तयार होते, नळी भरते आणि तंतू पुन्हा घट्ट जोडला जातो. ज्याला टाळायचं होतं तेच होतं. १००० अंशांपुढे सिलिका इतकी भरभर वाढते की नळीचं तोंडच बुजतं आणि आतला कार्बन वाचतो. म्हणून ६०० ते ८०० अंशांचा मधला टप्पा जास्त घातक.

याच कारणाने २०१६पासून प्रवासी सेवेत असलेल्या ‘लीप’ नावाच्या विमान इंजिनांमध्ये टर्बाइनच्या पात्यांभोवतीच्या सिरॅमिक कड्यांत कार्बनऐवजी बोरॉन नायट्राइडचा थर असतो. मुंबईहून उडणाऱ्या आकासाच्या विमानांना हीच इंजिनं आहेत. बोरॉन नायट्राइडचेही पापुद्रे ग्राफाइटसारखेच सुटतात. तो कार्बनपेक्षा उशिरा जळतो आणि जळल्यावर त्याची पातळ काच होऊन तडे बुजवते. मात्र इंधन जळताना तयार होणारी वाफ ती काच बोरिक आम्लाच्या रूपात उडवून नेते. त्यामुळे बाहेरून वाफेला अडवणारं वेगळं लेपन द्यावंच लागतं.